टारफुला

आमचं रान मोहोळ तालुक्यात. खालचा तुकडा काळा, शाळूचा. वरचा माळाकडचा, हलका आणि मुरमाड. तिथं आण्णा पावसाळ्यात हायब्रीड ज्वारी पेरायचे. भादव्यात त्या ज्वारीत टारफुला दिसायला लागायचा. वीतभर उंचीचं झाड, बारीक पांढरी फुलं. दिसायला इतका नाजूक की लहानपणी मी त्याचे गजरे करायचे. शेजारची ज्वारी मात्र ओल असूनही माना टाकलेली, पिवळी.

"बी धरायच्या आत उपटा पोरांनो," आण्णा म्हणायचे. शाळेतून आलं की मी आणि भाऊ उपटत बसायचो. इतकं उपटूनही ज्वारी सुधारायची नाही, याचा मला फार राग यायचा.

आता मी सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. परजीवी वनस्पती म्हटलं की पुस्तकात अमरवेल येते. मी टारफुल्यावर थांबते, आणि तास संपला तरी थांबते.

त्याचं बी धुळीच्या कणाएवढं. एका झाडाला अशी हजारो बिया, आणि मातीत त्या दहा वर्षांहून जास्त तग धरतात. नुसत्या पावसानं त्या उगवत नाहीत. बियांत शिदोरी एवढी थोडी, की कोंब फुटल्यावर चार-पाच दिवसांत ज्वारीचं मूळ गाठलं नाही तर खेळ संपला. म्हणून बी वाट बघतं. मूळ अगदी जवळ, काही मिलिमीटरवर आल्याची खूण पटली, तरच फुटतं.

ही खूण म्हणजे मुळातून झिरपणारं रसायन. 1966 साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, तेही कपाशीच्या मुळांतून. टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून, स्ट्रायगावरून, त्याला स्ट्रायगॉल म्हणाले. पण आपल्याच जिवावर उठणाऱ्याला झाड बोलावेल कशाला? उत्तर मिळायला 2005 साल उजाडलं. ही हाक मायकोरायझा बुरशीसाठी असते. मुळांशी राहून मातीतला फॉस्फरस आणून देणारी ती बुरशी, ज्वारीची जुनी सोबतीण. टारफुला तीच हाक चोरून ऐकतो. जमीन जितकी भुकेली, तितकी ज्वारीची हाक मोठी. आमच्या वरच्याच तुकड्यात तो का माजायचा, ते मला हे वाचताना समजलं. त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

कपाशीचं तर मला फार अप्रूप वाटतं. तिच्या मुळांनी बी फुटतं, पण तिच्यावर टारफुल्याला जगता येत नाही. कोंब निघतो आणि मरतो. फेरपालटात कपाशी घेतली की जमिनीतला साठा असा कमी होतो.

ज्वारीच्या काही वाणांची हाक मुळातच वेगळी असते. इथियोपियात जन्मलेले गेबिसा एजेटा अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीवर राबले. 2009 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे 2017 मध्ये ज्वारीतलं त्यामागचं जनुक सापडलं. त्यात बिघाड असला की मुळातून झिरपणाऱ्या रसायनाची घडण बदलते, आणि टारफुल्याचं बी निजून राहतं.

आजीच्या घोट्यावर नारूचा व्रण होता. नारूही परजीवीच, माणसाच्या अंगात वाढणारा लांब जंत. बाहेर यायची वेळ झाली की नारू पायाची आग आग करतो, माणूस पाय पाण्यात घालतो आणि जंत तिथंच पिल्लं सोडतो. पाण्यातले सायक्लोप्स नावाचे बारीक जीव ती गिळतात, सायक्लोप्स आपण पितो. त्यावर लस निघाली नाही, औषधही नाही. पाणी फडक्यानं गाळलं, पायऱ्यांच्या विहिरीत उतरणं बंद केलं, आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

टारफुला जमिनीवर दिसतो तेव्हा कित्येक आठवडे तो खाली ज्वारीला चिकटून पीत असतो. त्या सालचं नुकसान झालेलंच असतं. पाणी गाळण्यासारखंच आमचं उपटणं पुढच्या सालांसाठी होतं. आण्णा "बी धरायच्या आत" म्हणायचे त्याचा अर्थ मला तीस वर्षांनी लागला, तेव्हा ते नव्हते.

गेल्या भादव्यात वरच्या तुकड्यातलं एक ढेकूळ मुळांसकट खणून कॉलेजात आणलं. बादलीत हळूहळू माती धुतली. ज्वारीच्या मुळावर मण्यासारखी गाठ, आणि तिच्यातून निघालेला टारफुला. पोरी वाकून बघत होत्या. एकीनं विचारलं, "मॅडम, ज्वारी कुठं संपते?" मी सुई घेऊन गाठीवर टेकवली, आणि तिच्या हातात भिंग दिलं.