तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅनालॉग अजून कशाला?

नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना गेली अनेक वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो, कधी वर्गात, तर कधी गंगापूर रोडवर भेटणाऱ्या पालकांकडून: "सर, सगळंच डिजिटल झालं, ट्रान्झिस्टरही नॅनोमीटरवर आले, मग मुलांनी अ‍ॅनालॉग सर्किट शिकून करायचं काय?"

अ‍ॅनालॉग सर्किट म्हणजे आकड्यांऐवजी सलग बदलणाऱ्या व्होल्टेजवर चालणारे सर्किट. उत्तरासाठी मी नाशिकच्या अंबड औद्योगिक भागातल्या कारखान्यांतली भट्टी घेतो. तिच्यातले के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमानानुसार व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडणी, दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते. हे क्षीण व्होल्टेज न वाढवता मोजण्यासाठी थेट १ पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर (व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या घटकावर) घेतले, तर निव्वळ उष्णतेमुळे येणारा नॉइजच, म्हणजे व्होल्टेजमधली अनियमित थरथर, खोलीच्या तापमानाला सुमारे ६४ मायक्रोव्होल्ट भरतो, म्हणजे एका मोजणीत दीड अंशाहून अधिक. तो निम्मा करायचा तर कपॅसिटर चौपट करावा लागतो, आणि ट्रान्झिस्टर कितीही लहान झाला तरी हा हिशेब बदलत नाही.

म्हणून आधी अ‍ॅम्प्लिफायर हवा, आणि खरी अडचण तिथेच आहे. ट्रान्झिस्टर लहान होताना त्याचे चॅनेल, म्हणजे त्यातली विजेची वाट, आखूड झाले की त्याचा स्वतःचा गेन, म्हणजे व्होल्टेज वाढवण्याची पट, घटतो. पूर्वी ट्रान्झिस्टर एकावर एक रचून ही तूट भरून काढता येई. पण पुरवठा ५ व्होल्टवरून १ व्होल्टच्याही खाली आल्यावर तशी रचना करायला व्होल्टेजच उरत नाही. शिवाय शेजारी काढलेले दोन सारखे ट्रान्झिस्टर प्रत्यक्षात कधीच तंतोतंत सारखे निघत नाहीत. हा फरक क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे मार्सेल पेल्ग्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडले. फरक निम्मा करायला इथेही चौपट जागा लागते.

इंटेलने २०११ मध्ये २२ नॅनोमीटरसाठी जाहीर केलेल्या फिनफेट या उभ्या रचनेच्या ट्रान्झिस्टरमध्ये गेट (प्रवाह नियंत्रित करणारा भाग) उभ्या पात्याला तीन बाजूंनी वेढते आणि त्यामुळे गेन सुधारतो, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र ट्रान्झिस्टरची रुंदी आता पाती मोजून घ्यावी लागते: तीन किंवा चार, साडेतीन नाही. कार्बन नॅनोट्यूबचे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे, उदाहरण मला अधिक बोलके वाटते. २०१९ मध्ये एमआयटीतील संशोधकांनी १४,००० हून अधिक नॅनोट्यूब ट्रान्झिस्टरांचा १६ बिटचा प्रोसेसर चालवून दाखवला. काही नळ्या धातूसारख्या वागतात, त्यांचा उपद्रव त्यांनी लॉजिक गेटची निवड जपून करून आवरला. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र तशी एखादी नळीसुद्धा गेन खाऊन टाकते.

डिजिटल भागाची मदत आम्ही आनंदाने घेतो. व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या कन्व्हर्टरच्या कपॅसिटरांतली तफावत एकदा मोजून ठेवली की पुढे ती आकड्यांतून वजा करता येते. नॉइज मात्र असा वजा होत नाही; सरासरी काढून तो कमी होतो, पण त्यासाठी वेळ आणि वीज दोन्ही खर्ची पडतात.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या जोडीचा लेआउट, म्हणजे चिपवरच्या मांडणीचा आराखडा, आणला, तेव्हा दोन्ही ट्रान्झिस्टर नुसते शेजारी ठेवलेले होते. चिपवर डावीकडून उजवीकडे होणारा बदल दोघांच्या वाट्याला सारखा यावा, म्हणून प्रत्येकाचे दोन भाग करून ते अ-ब-ब-अ असे मांडायला मी सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने सुधारलेला लेआउट दाखवला. कडेच्या ट्रान्झिस्टरला एका बाजूने शेजार नसला तर तो वेगळा घडतो, हे ओळखून तिने दोन्ही टोकांना एकेक रिकामा, फक्त शेजार देणारा ट्रान्झिस्टर मी न सांगताच बसवला होता.