हजार सह्यांसाठी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) उभं राहायचं तर मतदारांच्या किमान १,००० वैध सह्या लागतात. देता येतात जास्तीत जास्त २,०००. पैसे भरून ही अट टळत नाही. डेट्रॉइटकडच्या एका मतदारसंघात, घराघरांत ओळख असलेल्या खासदाराविरुद्ध उभ्या राहणाऱ्या उमेदवाराचे कागद तपासायचं काम माझ्याकडे होतं. मुदतीला अकरा दिवस उरले होते आणि हातात सोळाशेच्या वर सह्या होत्या. ऑफिसात सगळे निश्चिंत होते.

पहिल्याच गठ्ठ्यात एक कागद बाजूला काढला. चार ओळी, चार पत्ते. पण ७ला मधोमध आडवी रेघ चौघांनीही सारखीच मारलेली. शाई एकच. कुठे खाडाखोड नाही, उन्हात दारात उभ्याने लिहिताना होते तशी वाकडी ओळ नाही. मग त्याच माणसाने आणलेले सगळे कागद टेबलावर पसरले. पैसे घेऊन सह्या जमवणाऱ्या एका कंपनीचा तो माणूस. कागद दिसायला इतके नीटनेटके, की आधी कुणालाच शंका आली नव्हती.

बनावट सह्या अशा बनतात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, जुनी मतदार यादी समोर ठेवतात आणि कागद फिरवत एकमेकांच्या कागदांवर सह्या ठोकतात. यादी जुनी असल्यामुळे घर बदललेले आणि वारलेले लोकही ‘सही’ करून जातात. अशाच बनावट सह्यांमुळे २०२२ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक बाद झाले होते.

उरलेल्या कागदांची एकेक ओळ यादीशी ताडून पाहिली. नाव नोंदलेलं आहे का? पत्ता याच मतदारसंघात आहे का? रस्त्याच्या पलीकडे दुसरा मतदारसंघ सुरू होतो, आणि सही करणाऱ्याला ते माहीत नसतं. नवऱ्याने बायकोची सही केली असेल तर ती गेली. सगळ्यात जास्त जीव जळतो तो तारखेपायी: कागद फिरवणाऱ्याने खाली आपली सही-तारीख आधीच टाकून ठेवली, तर त्या तारखेनंतरच्या खऱ्या सह्याही बाद. संध्याकाळी खात्रीच्या सह्या हजाराच्या थोड्याच वर उरल्या.

तेवढ्यावर अर्ज देणं म्हणजे आव्हानाला निमंत्रण. मुदत संपल्यावर सात दिवस कुणीही शपथेवर हरकत घेऊ शकतं, आणि विद्यमान खासदाराकडे वकील तयार असतात. २०२४ मध्ये तेराव्या मतदारसंघात बेळगावात वाढलेल्या खासदार श्री ठाणेदारांसमोर उभे राहणारे ॲडम हॉलियर असेच प्रायमरीआधी बाद झाले. त्यांच्या वैध सह्या ८६३ भरल्या. मतपत्रिकेवर नावच नसेल तर खासदार किती लोकप्रिय आहे, हा प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पैसे देऊन नेमलेली माणसं बंद केली आणि स्वयंसेवक यादी घेऊन दारोदार गेले. एका आजीबाईंनी स्पष्ट सांगितलं, मत खासदारालाच देणार. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा, अडकलेला चेक खासदाराच्या ऑफिसने सोडवला होता. तरी सही दिली. इथे सहीने मत बांधलं जात नाही, आणि मतदार नोंदणीत पक्ष लिहिला जात नसल्यामुळे कोणत्याही पक्षाचा मतदार सही देऊ शकतो. हे दारातच समजावून सांगितलं की नकार कमी येतात.

संशयित कागद अर्जाला लावले नाहीत. उरलेल्यांतल्या चुकीच्या ओळी खोडल्या, प्रत्येक कागदाची खालची तारीख पुन्हा वाचली, आणि सुमारे साडेतेराशे सह्या घेऊन शेवटच्या मंगळवारी दुपारी चारच्या आत क्लार्कच्या, म्हणजे अर्ज घेणाऱ्या निवडणूक अधिकाऱ्याच्या, खिडकीशी पोचलो.