पेडल कोणाचं, पाय कोणाचा

डांबरी रेसिंग सर्किटवर तयार झालेला ड्रायव्हर मुरुमावर चालतो का, हा प्रश्न नागपुरात चहाच्या टपरीवर दर महिन्याला निकाली निघतो. एक पार्टी म्हणते, ज्याला गाडी येते त्याला ती कुठेही येते. दुसरी पार्टी लगेच किमी रायकोनेनचं नाव काढते: २००७चा फॉर्म्युला वन चॅम्पियन, २०१० आणि २०११ अशी दोन वर्षं सिट्रोएन घेऊन वर्ल्ड रॅलीत उतरला, आणि सगळ्यात चांगला निकाल काय, तर तुर्कस्तानात पाचवा. उमरेड रोडकडच्या मैदानावर डिसेंबरात आम्ही जी टेस्ट घेतली, तिच्यानंतर मला दोन्ही पार्ट्या अर्ध्याच बरोबर वाटायला लागल्या आहेत. गाडीची आणि पेडलची हालचाल नोंदवणाऱ्या लॉगरच्या फायली अजून उघडून बघत बसतो, त्याचं कारण हेच.

गाडीचे मालक वाडीतले ट्रान्सपोर्टवाले सेठ. त्यांना पुढच्या सीझनसाठी एकच ड्रायव्हर ठेवायचा होता आणि समोर दोघं होते. एक धरमपेठेतला पोरगा, लहानपणापासून गो-कार्ट आणि पुढे कोइम्बतूरच्या करी सर्किटवर सिंगल-सीटर चालवलेला. दुसरा कळमेश्वरकडचा, गिट्टी क्रशरच्या रस्त्यांवर जिप्सी शिकलेला, आजूबाजूच्या ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मैदानावर आखलेल्या वळणांच्या घड्याळी फेऱ्यांत, नेहमी पुढे असणारा. सेठचं म्हणणं सरळ होतं: एक दिवस, एक गाडी, घड्याळ सांगेल तो ड्रायव्हर. मालक लोकांना घड्याळ फार आवडतं, कारण त्याला समजावून सांगावं लागत नाही.

गाडी एस्टीम. लोक हसतात, पण तिला थ्रॉटलची केबल आहे, म्हणजे ॲक्सिलरेटरपासून इंजिनपर्यंत सरळ तार. नव्या बऱ्याच गाड्यांमध्ये थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असतो आणि ब्रेक दाबला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ॲक्सिलरेटर कापतो. रस्त्यासाठी ते योग्यच. पण पुढची चाकं ओढणारी गाडी मुरुमावर वळवायची तर उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून डाव्या पायाने ब्रेक लावावा लागतो. पुढच्या चाकांना इंजिन फिरतं ठेवतं, ब्रेक मागच्या चाकांना पकडतो, शेपूट बाहेर येते आणि नाक वळणात शिरतं. ईसीयूने मध्ये नाक खुपसलं की हा खेळच संपला. ट्यूनिंगमध्ये ते बंद करता येतं, पण सेठला त्या बिलाचा आकडा पसंत पडला नव्हता.

बाकी तयारी नेहमीची. ग्रॅव्हलचे टायर, हवा २६ पीएसआय, इंजिनच्या पोटाला दगड लागू नयेत म्हणून खाली ॲल्युमिनियमची सम्प गार्ड, हायड्रॉलिक हँडब्रेक. मागचे ड्रम उघडून फुंकून घेतले. मुरुमाची धूळ ड्रममध्ये साचली की ब्रेक एका बाजूला ओढतो आणि ड्रायव्हर बिचारा सस्पेन्शनला शिव्या देत बसतो. लॉगरला जीपीएस, ॲक्सिलरेटरवर एक सेन्सर आणि पुढच्या ब्रेक लाइनमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून प्रेशर सेन्सर. तो टी बसवताना सेन्सर कधीही उभा वर ठेवू नये. हवेचा बुडबुडा तिथेच अडकतो, कितीही ब्लीडिंग करा (लाइनमधली हवा काढा), पेडल स्पंजी राहतं, आणि मग सगळा ग्राफ खोटा. आडवा किंवा खाली झुकवून बसवा, मग ब्लीड करा.

सकाळी टँकरने पाणी मारून घेतलं आणि कळमेश्वरवाल्याने वेळ लावून दिली. त्याचं बघण्यात मजा असते. गाडी वळणाच्या खूप आधी तिरपी होते आणि वळण येईपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. मग धरमपेठेतला बसला. पहिल्याच वळणाला पुढची दोन्ही चाकं लॉक, गाडी सरळ. पुढच्याला तेच. तो उतरून म्हणाला, "दादा, हे पेडल आहे की स्विच?" सेठने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ निकाल लागला असा होता.

ग्राफ मात्र वेगळंच सांगत होता. पोरगा ब्रेक अगदी बरोबर आकाराने लावत होता: प्रेशर सरळ वर, आणि मग गाडी वळत जाईल तसतसं हळूहळू खाली. सर्किटवरच्या ट्रेल ब्रेकिंगचा नमुना म्हणून दाखवावा असा. फक्त त्याचं शिखर फार उंच होतं. त्यात डावा पाय कच्चा म्हणावा, तर तोही नाही. उलट त्याचा डावा पाय आमच्या दहा ड्रायव्हरांपेक्षा पक्का. कार्टमध्ये क्लचचं पेडल नसतंच, डावा पाय पहिल्या दिवसापासून ब्रेकवरच वाढतो. पण कार्टला आणि सिंगल-सीटरला बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा, नसतो. तिथे लाथ घालून दाबावं लागतं, आणि किती दाबलं हे पोटरीला कळतं. एस्टीमच्या बूस्टरने त्याच्या प्रत्येक लाथेला तिप्पट करून चाकांपर्यंत पोचवलं, आणि मुरुमाला तेवढं नको होतं.

त्यावर लॉक झाल्यावर तो काय करत होता, हे महत्त्वाचं. लगेच पाय उचलत होता. डांबरावर लॉक म्हणजे टायरला चपटा डाग, म्हणजे गुन्हा. सैल मुरुमावर मात्र लॉक झालेलं चाक स्वतःपुढे मातीचा ढीग गोळा करतं आणि तो ढीगच गाडी अडवतो. सरळ थांबायचं असेल तर क्षणभर तसंच धरून ठेवणं फायद्याचं. त्याने पाय उचलला की तयार होत आलेला ढीग मागे पडायचा आणि गाडी पुन्हा मोकळी पळायची.

मी बूस्टर काढायचं ठरवलं. खरं म्हणजे काढला नाही, झोपवला. इनटेक मॅनिफोल्डवरून बूस्टरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी काढली आणि मॅनिफोल्डचं तोंड बोल्ट आणि क्लॅम्पने घट्ट बंद केलं. ते उघडं राहिलं तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंग नाचतं. मग इंजिन बंद ठेवून पेडल दोन-तीनदा दाबलं, आत साठलेला व्हॅक्यूम संपेपर्यंत. पेडल दगड झालं. मग चालण्याच्या वेगात थांबवून बघितली, नंतरच मैदानात सोडली. हे बंद मैदानासाठी, हेल्मेट, हार्नेस आणि रोलकेज असलेल्या गाडीसाठी. बूस्टरच्या गाडीत पेडलची लिव्हर साधारण चार पटीची असते, बिनबूस्टरच्या रेस गाडीत पाच-सहा पटीची. म्हणजे मदत काढून घेतली की रस्त्यावर ती गाडी वेळेवर थांबणारच नाही. रीलमध्ये बघून कोणी वर्धा रोडवर असलं काही करू नये.

पोरगा बसला आणि दुसऱ्याच फेरीला गाडी त्याची झाली. शिखर खाली आलं, आकार तोच राहिला. राहिली होती एकच अडचण, दोन्ही पेडल एकत्र दाबायची. कार्टवर ते पाप असतं. भाड्याच्या कार्टवर दोन्ही दाबली तर क्लच जळतो आणि मार्शल बाहेर काढतो. इतक्या वर्षांची ती धास्ती त्याने दुपारच्या जेवणापर्यंत सोडली. वेळ अजून कळमेश्वरवाल्याच्या मागे होती, पण सेठची नजर परत घड्याळाकडे वळली होती.

आता न्याय म्हणून त्याच गाडीत कळमेश्वरवाल्याला बसवलं. तो फेरी मारून आला आणि म्हणाला, "काय करून ठेवलं भाऊ हे, पाय मोडून राहिला माहा!" वेळ चांगलीच घसरली. सेठला वाटलं, बरोबर आहे, पेडल जड आहे. मलाही तेवढंच वाटलं असतं, पण लॉगरवर एक बारीक गोष्ट दिसत होती. लागोपाठच्या तीन वळणांत, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये, तो ॲक्सिलरेटर एक झटका सोडत होता. जेमतेम पाव सेकंद. तिथे सोडायचं काहीच कारण नव्हतं. नव्या पेडलवर तो झटका म्हणजे शुद्ध तोटा होता.

सकाळची फाइल लावली. तिथेही तोच झटका, त्याच जागी, आणि प्रत्येक झटक्यानंतर ब्रेकचं प्रेशर ताजं. तेव्हा उलगडलं. पूर्ण ॲक्सिलरेटरवर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ नसतो. बूस्टरमध्ये साठलेला दोन-तीन दाबांना पुरतो, मग पेडल कडक होतं. हा माणूस ॲक्सिलरेटर न सोडता डाव्या पायाने दोनदा ब्रेक मारत होता आणि तिसऱ्याच्या आधी पाव सेकंद सोडून बूस्टर परत भरून घेत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "तसं केलं का गाडी ऐकते." बूस्टरमध्ये काय असतं हे त्याला माहीत नाही, माहीत असायची गरजही पडली नव्हती. क्रशरच्या रस्त्यावरच्या जिप्सीनेच त्याला हे शिकवलं असणार. इतकी सुंदर कारागिरी, आणि ती गाडीतल्या एका उणिवेचं उत्तर होती. उणीव गेली आणि उत्तर तेवढं पायात राहिलं.

हे दिसल्यापासून मी मोठ्या नावांकडेही तसंच बघायला लागलो आहे. शेन व्हॅन गिस्बर्गेनने जुलै २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर आपल्या पहिल्याच नॅस्कार कप (अमेरिकेतली मोठी कार रेसिंग मालिका) शर्यतीत बाजी मारली. पदार्पणात जिंकणारा ६० वर्षांतला पहिला. ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्समधून आलेला माणूस. तिथेही जड, छप्पर असलेली गाडी आणि सिक्वेन्शियल गिअर (एकामागून एक क्रमानेच बदलणारे), आणि नॅस्कारच्या गाडीला २०२२ पासून तसाच गिअरबॉक्स. त्याच्या सवयीचा प्रश्न विचारणारी गाडी त्याला मिळाली होती. डाव्या पायाने ब्रेक लावणाऱ्यांच्या गर्दीत तो उजव्या पायाने ब्रेक आणि ब्लिप (गिअर उतरवताना ॲक्सिलरेटरला दिलेला झटका) दोन्ही करत जिंकला. नॅस्कारच्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, मात्र त्यालाही पुन्हा शाळेत बसावं लागलं. फॉर्म्युला वनमधून आलेला हुआन पाब्लो मोंटोया तर इंडियानापोलिस ५०० ही ओव्हलवरची शर्यत जिंकलेला, म्हणजे ओव्हल त्याला येत होता. तरी नॅस्कार कपमधले त्याचे दोन्ही विजय, २००७चा सोनोमा आणि २०१०चा वॉटकिन्स ग्लेन, वळणावळणाच्या सर्किटवरचे. ओव्हल तोच, गाडी वेगळी. उलट बाजूने रॅलीचा जगज्जेता सेबास्टियन लोएब २००६ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या सर्किट शर्यतीत दुसरा आला. टपरीवर हे सांगितलं की लोक म्हणतात तो देवमाणूस आहे, आणि विषय बंद होतो.

दुपारी आणखी एक घडलं. फेऱ्या वाढल्या तसा सैल मुरूम बाहेरच्या कडेला ढकलला गेला आणि आतल्या बाजूने टणक, काळपट पट्टी उघडी पडली. धरमपेठेतल्याला ती आमच्या आधी दिसली. त्याने हवा ३० पीएसआय करून मागितली, कारण टणक जमिनीवर ग्रॅव्हल टायरचे ठोकळे लोळायला लागतात, आणि मग त्या पट्टीवर गाडी अजिबात न तिरकवता डांबरासारखी चालवली. जड पेडलवरची ती फेरी कळमेश्वरवाल्याच्या सकाळच्या वेळेच्या पुढे गेली. कळमेश्वरवाला शेवटपर्यंत बाहेरच्या सैल मातीत आधार शोधत राहिला. जमीन प्रत्येक फेरीत थोडी बदलते, हे सर्किटवाल्याला रबर साचणाऱ्या लाइनवरून ठाऊक असतं. सिम्युलेटरवर बसून स्वतःला ड्रायव्हर म्हणवणाऱ्या पोरांना बहुतेक हेच सापडत नाही. तिथली जमीन इतकी बेइमान नसते.

सेठने विचारलं, "मग पैसे कोणावर लावू?" मी सांगितलं, ही टेस्ट ऑटोक्रॉसची झाली, रॅलीची नाही. रॅलीत तेच वळण परत येत नाही. शेजारी नेव्हिगेटर नोट्स वाचतो, आणि न दिसणाऱ्या वळणात ऐकलेल्या शब्दावर गाडी टाकावी लागते. रायकोनेनची खरी अडचण मला तिथे वाटते. वेग त्याच्याकडे होताच. दोघांपैकी एकालाही नोट्सवर बसवलेलं नाही, तेव्हा निकाल अर्धाच आहे. सेठला हे आवडलं नाही. त्यांनी धरमपेठेतल्याशी बोलणी सुरू केली, आणि कळमेश्वरवाल्याला "कळवतो" म्हटलं. त्या "कळवतो"चं मला वाईट वाटलं, कारण दुपारची त्याची वेळ त्याने बिघडवली नव्हती, मी पेडलला हात लावल्यामुळे ती बिघडली होती.

म्हणून अंदाजपत्रकात एक ओळ जास्तीची टाकली आहे: बूस्टर पूर्ण काढून, लिव्हर वाढवलेला, दोन मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारे) आणि बॅलन्स बार (पुढच्या-मागच्या ब्रेकांत जोर वाटणारा दांडा) असलेला पेडल बॉक्स. ॲक्सिलरेटर कितीही दाबलेला असो, त्याचं पेडल बदलत नाही. सिलिंडरचे दोन जोड मागितले आहेत, एक पाऊण इंची आणि एक पाच अष्टमांश इंची. मोठा बोअर लावला की पेडल जड आणि आखूड, लहान लावला की हलकं आणि लांब. बदलून ब्लीड करायला दोघा माणसांना तासभर पुरतो. नोट्सची टेस्ट घ्यायची तेव्हा प्रत्येकाला त्याच्या पायाचा जोड लावून घेऊ. सेठने दुसऱ्या जोडाच्या किमतीपुढे प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला आहे.