आमची वाटचाल : एका कोळंबीपासून पुन्हा

२००६ साली ठाण्याच्या नौपाड्यातल्या आठ बाय बाराच्या गाळ्यात आम्ही दोघा भावांनी शोभेच्या माशांचं दुकान टाकलं, तेव्हा फ्लॉवरहॉर्नची लाट होती. कपाळावर टेंगूळ असलेला हा मासा घरी असला की लक्ष्मी येते, असं कुणीतरी पसरवलं होतं. गिऱ्हाइकांचं माहीत नाही, आमच्याकडे थोडीफार आली. गप्पी, गोल्डफिश, अरोवाना, आठवड्याला कुर्ल्याची एक फेरी. त्या पाच वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. दुकान चाललं.

खाऱ्या पाण्याचं वेड मात्र माझं जुनं. चौथीत शाळेच्या सहलीने चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं, तेव्हापासूनचं. २०११ मध्ये दुकानाच्या दर्शनी बाजूला चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी बसवली. साडेचारशे लिटर पाणी. काच, खडक, खालचा संप (पाणी गाळायची टाकी) धरून वजन सातशे किलोच्या घरात. खडकाचं काय करायचं, यावर महिना गेला. एक व्यापारी 'असली लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातून काढलेला, जिवाणू वसलेला प्रवाळाचा खडक, द्यायला तयार होता, बिल मात्र मागायचं नाही म्हणाला. रीफ, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळभिंती, उभारणारी सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. धाकटा म्हणाला, "दादा, दुकानात वाघाचं कातडं लावशील का?" विषय संपला.

मग आम्ही खडक घरीच केला. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ एकत्र कालवून ओल्या वाळूच्या खड्ड्यांत ओतायचं. सुकल्यावर पाण्यात टाकलं की मीठ विरघळतं आणि खडकाला भोकं पडतात. सिमेंटचा चुना पाण्याचा पीएच चढवतो, म्हणून दोन महिने पाणी बदलत बसलो. दिसायला तो खडक चाळीतल्या गणपतीच्या कागदी डोंगरासारखा होता, पण नऊ वर्षं त्याने इमानाने काम केलं.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्याकडे इन्व्हर्टर होता, पण लॉकडाउनमध्ये बॅटरीत पाणी घालायला कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे ती वीस मिनिटांत बसली. दोष आमचाच. पाणी जितकं कोमट आणि खारट, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वरचा पृष्ठभाग हलता राहिला तरच भरपाई होते. पंप बंद म्हणजे टाकीने श्वास रोखून धरल्यासारखं. दुपारी वीज आली तेव्हा बरेच मासे जिवंत होते आणि आम्ही सुटलो असं मला वाटलं. खडकाच्या मागे मरून अडकलेला निळा सर्जन फिश कुणाला दिसला नव्हता. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तर वासानेच कळलं, टाकी गेली.

टाकी दोन महिने रिकामी राहिली. धाकट्याचं म्हणणं, खडक घासून परत लावू. माझं म्हणणं, नाही. नऊ वर्षांत त्या खडकाने फॉस्फेट पिऊन ठेवलं होतं, ते तो नव्या पाण्यात हळूहळू सोडत राहतो आणि शेवाळ हटत नाही. शिवाय भोकाभोकांत ऐपटेशिया. हे पारदर्शक समुद्रफूल, खरं तर प्राणीच, दिसायला नाजूक, पण कपारीत त्याचा कण राहिला तरी त्यातून नवं उगवतं. धाकटा चिडला. "सात महिने धंदा नाही, आणि तुला दगडाला पैसे घालायचेत?" त्याचं चुकत नव्हतं. शेवटी आईने आपणहून मुदत ठेव मोडली. सगळं मिळून पावणेदोन लाखांच्या वर गेलं, आणि आमच्यातलं बोलणं आठवडाभर फक्त हिशेबापुरतं राहिलं.

या वेळी पस्तीस किलो अरागोनाइटचा, म्हणजे चुनखडीच्या जातीचा, कोरडा खडक घेतला, बिलासकट. खडक आधी थेट तळाच्या काचेवर टेकवायचा आणि वाळू नंतर ओतायची, म्हणजे एखाद्या माशाने खाली उकरलं तरी डोलारा कोसळत नाही. पहिल्या टाकीत आम्ही मागच्या काचेला भिंत घालावी तसा रचला होता. त्यामागे घाण साचायची आणि मेलेला मासा दिसायचा नाही, हे आता महागात शिकलो होतो. या वेळी दोन बेटं केली, मध्ये कमान, चारी बाजूंनी हात जाईल इतकी जागा. यंत्रांत सगळ्यात जास्त पैसे चिलरला गेले, कारण मे महिन्यात गाळ्यात पस्तीस डिग्री असते आणि टाकीला हवं सव्वीस. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांच्या जागी एलईडी आले, त्यांनी उष्णता कमी केली. संपातून पाणी वर टाकीत पाठवणारा रिटर्न पंप डीसी, पन्नास वॅटच्या आतला, वेगळ्या बॅटरीवर. त्या बॅटरीचं पाणी दर पहिल्या तारखेला मी स्वतः बघतो.

"खाडी एवढी जवळ, पाणी तिथूनच आणा की," असं आजही आठवड्यातून एकजण म्हणतो. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात ते तिच्या चिखलातल्या खाण्यासाठी. त्यात सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात खारटपणा उतरतो. आम्ही सगळे क्षार काढलेलं आरओ-डीआयचं पाणी घेतो, टीडीएस शून्य, आणि लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम मीठ घालतो. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आलं की थांबायचं. बाष्प होऊन उडतं ते फक्त पाणी, मीठ तिथेच राहतं. म्हणून रोजची भरपाई गोड्या पाण्याने. हे गिऱ्हाइकाला पटवायला मला कधीकधी अर्धा तास लागतो.

कोरड्या खडकात जीव नसतो. माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्यात वसवावे लागतात, आणि त्यांना आधी खायला लागतं. बाटलीतला अमोनिया मिळतो, पण मी जुन्या पद्धतीने एक कच्ची कोळंबी सडायला टाकायची ठरवली. चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींकडून आणली, मोठी, कवच सोललेली नाही. आई म्हणाली, "अन्न असं सडवतात का रे?" तिच्या मोडलेल्या ठेवीच्या टाकीत मी तिच्या डोळ्यांदेखत शंभर-सव्वाशे रुपयांच्या पाव किलोतली सगळ्यात चांगली कोळंबी कुजवत होतो. उत्तर नव्हतं.

पाच आठवडे दुकानाच्या दर्शनी भागात दिसत होते ते पाणी, दगड आणि बुरा धरलेली कोळंबी. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढलं. ते उतरायला लागलं तोवर डायटम्सचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा, तपकिरी थर आला, त्यामागून हिरव्या केसांसारखं शेवाळ. प्रत्येक नवी रीफ टाकी यातून जाते, हे आम्हाला ठाऊक; रस्त्यावरच्या माणसाला वाटतं, मासेवाल्याचीच टाकी घाण. धाकटा पडदा लावू म्हणाला. मी रागाने त्याच्या मुलीचा पांढरा फळा उचलून टाकीवर टांगला आणि लिहिलं : दिवस ३१. अमोनिया ०. नायट्राइट ०.५. मासे नाहीत. का नाहीत ते आत येऊन विचारा.

लोक आत आले. खरेदीला नव्हे, विचारायला. त्यात घोडबंदर रोडचे एक काका होते. त्यांची टाकी तीनदा मेली होती. सोसायटीत टँकरचं पाणी, तेच ते भरायचे, आणि मासे तिसऱ्या दिवशी सोडायचे. त्यांना मी काहीच विकलं नाही. दोन महिने थांबा म्हटलं. पुढे त्यांची टाकी उभारायचं आणि सांभाळायचं काम आमच्याकडे आलं. त्यांच्या ओळखीने आणखी चार. आज आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न देखभालीच्या करारांचं आहे, मासे विकण्याचं नाही. हा बदल आम्ही ठरवून केलेला नाही. तो फळ्यामुळे झाला, आणि फळ्याची कल्पना आपली होती असं आता धाकटा सगळ्यांना सांगतो.

साठाव्या दिवशी क्लाउनफिशची जोडी सोडली, टाकीत पैदास झालेली. समुद्रातून पकडलेले आम्ही बंद केले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलेलं असताना ते घ्यायचे कशाला? दगडी प्रवाळ ठेवत नाही. मश्रूम, लेदर अशी मऊ प्रवाळं ठेवतो, तीही कागद हातात आल्यावर. रंग कमी दिसतात, मान्य आहे. ज्यांना ते चमकदार दगडी प्रवाळच हवं असतं ते दुसरीकडे जातात, आणि त्यातले काही टाकी कोसळली की परत येतात.

नवीन टाकीचं काम मिळालं की मी अजून चेंदणीलाच जातो. मावशी आता लांबूनच विचारतात, "खायची का सडवायची?" सडवायची म्हटलं की बाजूची बारकी उचलून देतात आणि पैसे घेत नाहीत.