कुठे उतरणार?

पहाटेचे साडेपाच वाजायला आले होते. आई पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. ओट्याशेजारच्या स्टुलावर मी, एका कानात इअरफोन, पुढ्यात मोबाइल आणि वीजबिलाची पाठकोरी बाजू. तिच्यावर आठ आडवे, आठ उभे रकाने.

"काय रे, पोटात दुखतंय का?"

"नाही गं. दोन माणसं बरोबरीत सुटायची वाट बघतोय."

"कोण माणसं?"

"एक अमेरिकेचा, एक रशियाचा."

आई थोडा वेळ उभी राहिली. "मग त्यात आपलं काय?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता तिने तांब्या उचलला.

तारीख २२ एप्रिल २०२४, वार सोमवार, मुक्काम नौपाडा, ठाणे. टोरंटोत अजून रविवारची संध्याकाळ होती. बुद्धिबळातल्या कँडिडेट्सची, म्हणजे वर्तमानपत्रांच्या मराठीत आव्हानवीरांच्या स्पर्धेची (जिंकेल तो जगज्जेत्याशी खेळणार), चौदावी आणि शेवटची फेरी. गुकेशचा नाकामुराशी डाव बरोबरीत सुटला होता आणि त्याचे ९ गुण झाले होते. शेजारच्या पटावर अमेरिकेचा कारुआना आणि रशियाचा नेपोम्नियाची अजून झुंजत होते. दोघेही फेरीआधी आठावर. बरोबरी झाली तर दोघे साडेआठ, गुकेश एकटा वर. कुणीही जिंकला तरी तोही नऊ, मग टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडायला जादा डाव. म्हणजे आपल्या पोराचं काम संपलेलं, आणि त्याचं नशीब दोन तिऱ्हाइतांच्या पटावर. तो स्वतःसुद्धा म्हणे तेव्हा बाहेर चक्कर मारायला गेला होता. मला तेही शक्य नव्हतं. दरवाजा उघडला असता तर कडीच्या आवाजाने घर उठलं असतं.

एक कबुली देऊन टाकतो. मला बुद्धिबळ येत नाही. म्हणजे उंट तिरका, हत्ती सरळ, घोडा अडीच घरं, किल्लेकोट कधी करायचा, इतपत येतं. पण दहाव्या खेळीनंतर मी आणि पट यांचा फारसा संबंध राहत नाही. हल्ली त्याने अडतही नाही. मोबाइलवरच्या पटाच्या कडेला संगणकाची एक काळी-पांढरी उभी पट्टी असते, कोण वरचढ आहे ते दाखवणारी. पांढरा सरस ठरला की पांढरं वर चढतं, काळा सरस की काळं खाली सरकतं. तापाचा पारा बघावा तशी मी ती बघतो. त्या पहाटे पारा कारुआनाच्या बाजूने चढला, मी बिलावर पेन टेकवलं. मग उतरला. पुन्हा चढला. समालोचक हळहळत होते, की जिंकायची खेळी समोर होती आणि सुटली. मी मात्र आनंदाने मूठ आवळली. दुसऱ्याच्या चुकीवर इतकं खूश होणं बरं नव्हे हे कळत होतं, पण त्या वेळी कळण्यावर फार भर नव्हता.

जगज्जेतेपदाची लढत मी बघतो, पण हे वेड लागतं ते पात्रता स्पर्धांचं. अंतिम लढतीत दोघं असतात; एक आपला, एक समोरचा, संपला हिशेब. पात्रतेत आठ जण आणि जागा एक. त्यामुळे आठही जणांचा प्रत्येक डाव आपला होतो. बाकूचा अबासोव्ह फ्रान्सच्या फिरुझाशी काय करतोय, याची नौपाड्यातल्या माणसाला रात्री दोन वाजता काळजी लागते.

ही काळजी मी शिकलो ती लोकलमध्ये. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीतसुद्धा बसायला मिळेलच असं नाही, कारण काही मंडळी गाडी ठाण्याला येतानाच आधीच्या स्टेशनावरून उलटी बसून आलेली असतात. मग आपण दोन बाकांच्या मधे उभे राहतो आणि खिडकीतल्या माणसाला विचारतो, "कुठे उतरणार?" तो म्हणतो दादर. त्याच्या शेजारचा कुर्ला. पण कुर्लेवाल्याची जागा आपल्याआधी कुणीतरी धरून ठेवलेली असते. मग आपण मनात गणित मांडतो: कुर्ल्याला हा उठला, तो बसला, चौथ्या सीटवरचा आत सरकला, की मला अर्धं बूड टेकायला मिळेल. पूर्ण प्रवास दुसऱ्यांच्या उतरण्यावर डोळा ठेवून. वीजबिलाच्या पाठीवरचे रकाने याहून वेगळे नसतात.

यातली सगळ्यात भारी जागा मिळाली ती चीनच्या डिंग लिरेनला. २०२२च्या माद्रिदच्या कँडिडेट्समध्ये तो मुळात नव्हताच. रशियाच्या कार्याकिनवर फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, बंदी घातली आणि एक जागा रिकामी झाली. ती मानांकनावर भरायची होती, पण डिंगचे त्यासाठी लागणारे डाव भरत नव्हते. मग चीनमध्ये घाईघाईने स्पर्धा भरवून त्याच्या डावांची संख्या पुरी केली गेली. म्हणजे गाडी हलल्यावर पळत येऊन दांडा धरला. आत आला, शेवटच्या फेरीत नाकामुराला हरवून दुसरा आला. एरवी दुसऱ्याला काय मिळतं? टाळ्या. पण खिडकीत बसलेला तेव्हाचा जगज्जेता कार्लसन स्वतःहून उठला, म्हणाला, मला जगज्जेतेपदाची लढत खेळायचीच नाही. पुढच्या एप्रिलमध्ये अस्तानाला टायब्रेकमध्ये नेपोम्नियाचीला हरवून डिंग जगज्जेता! असं कुर्ल्याला कधी घडलेलं मी पाहिलेलं नाही.

गुकेशचंही दार असंच शेवटच्या क्षणी उघडलं होतं. डिसेंबर २०२३मध्ये चेन्नईत ऐनवेळी एक स्पर्धा भरवली गेली, तिथे तो आणि अर्जुन एरिगैसी गुणांत बरोबर आले, आणि टायब्रेकच्या गुणांवर गुकेश पहिला ठरला. त्यातून त्याला कँडिडेट्समधली सर्किटची, म्हणजे वर्षभरातल्या स्पर्धांच्या कामगिरीवर ठरणारी, जागा मिळाली. ती स्पर्धा नसती तर माझ्या बिलावर एक रकाना वेगळा असता.

टोरंटोचे डाव आपल्याकडे रात्री बाराला सुरू व्हायचे. तीन आठवडे मी डोळे सुजवून ऑफिस गाठलं. आणि हा एप्रिल निवडणुकीचा. गाडीत सगळीकडे एकच विषय: ठाण्याची जागा कुणाला, उमेदवार कोण. एकदा ग्रुपमधल्या एकाने मला हलवून उठवलं, "तुमचं मत काय, उमेदवार कोण येणार?" मी झोपेत म्हणालो, "गुकेश." दोन स्टेशनं शांतता होती. मग एकाने हळूच विचारलं, "कुठल्या पक्षाचा?"

मराठी माणूस म्हणून माझा खरा उमेदवार अर्थात नाशिकचा विदित गुजराथी. आइल ऑफ मॅनच्या ग्रँड स्विस या पात्रता स्पर्धेत पहिलाच डाव हरूनही तो स्पर्धा जिंकला आणि टोरंटोला आला. दुसऱ्या फेरीत त्याने नाकामुराला हरवलं. ४७ डाव न हरलेल्या नाकामुराला. रात्री मला गोड खावंसं वाटलं, घरात काही सापडेना, शेवटी बोटाने गूळ खाल्ला. नवव्या फेरीत त्याने नाकामुराला पुन्हा हरवलं. तेव्हा मी आधीच गूळ काढून ठेवला होता. बाकी स्पर्धा त्याला तशी गेली नाही. पण नाकामुरा शेवटी अर्ध्या गुणाने मागे राहिला, त्यात त्या दोन डावांचा वाटा नव्हता असं मला कुणी सांगू नये. जागा कुणीतरी अशीच मोकळी करून देतं, आणि बसतो भलताच.

पूर्वी एवढं जागावं लागत नसे, कारण कळायचंच दुसऱ्या दिवशी. १९९४ साली आनंद हैदराबादजवळच्या संघीनगरला अमेरिकेच्या कामस्कीशी अशीच पात्रतेची लढत खेळत होता. दोन गुणांनी पुढे होता. मी कॉलेजात होतो. सकाळी वर्तमानपत्रात छापलेल्या खेळ्या बघून पत्र्याच्या पटावर सोंगट्या हलवायचो. चुंबकाची एक प्यादी हरवली होती, तिच्या जागी शर्टाचं बटण. मग एका सकाळी बरोबरी झाल्याचं वाचलं आणि पुढच्या एका सकाळी टायब्रेकमध्ये आनंद हरल्याचं. काय चुकलं ते सांगायला पट्टी नव्हती. मी तो पट तसाच दोन दिवस कॉटखाली ठेवला होता, बटणासकट. पुढच्या वर्षी लास पाल्मासला आनंदने त्याच कामस्कीला हरवून जगज्जेत्या कास्पारोव्हशी खेळायचा हक्क मिळवला, तेव्हा कुठे तो पट पुसून घडी घातला.

२०२५च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला. २०६ खेळाडू, बाद पद्धत, आणि पहिल्या तिघांना कँडिडेट्सची जागा. जग ठाण्याहून एका गाडीच्या अंतरावर आलं होतं. मी शहाणपणा करून उपांत्य फेरीच्या सुमाराची मांडवी एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली. आपले चोवीस खेळाडू आहेत, एक तरी उरेलच. गुकेश लवकर गेला, प्रज्ञानंद गेला, उपांत्यपूर्व फेरीत अर्जुन चीनच्या वे यीकडून टायब्रेकमध्ये हरला आणि आपलं कुणी उरलं नाही. बायको म्हणाली, "अहो, तिकीट रद्द करू नका. मासे कुठे हरलेत?" गेलो. पट पाहिला नाही, बांगडे खाल्ले. तिन्ही जागा गेल्या सिंदारोव्ह, वे यी आणि एसिपेंको यांना. परतीच्या गाडीत मी त्यांचे रकाने आखले.

तर त्या सोमवारी, १०९ खेळ्यांनंतर, कारुआना आणि नेपोम्नियाची यांनी हात मिळवले. दोघांनाही काही मिळालं नव्हतं. मला मात्र ओरडायचं होतं आणि घर झोपलेलं होतं. आई देवघरात फुलं मांडत होती. तिला जाऊन सांगितलं, "जिंकला. सतरा वर्षांचा पोरगा."

"झाला का जगज्जेता?"

"नाही. जगज्जेत्याशी खेळायला पात्र झाला."

आईने चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे एवढं रात्रभर जागलास ते प्रवेशपरीक्षेला?"

पुढे डिसेंबरात सिंगापूरला डिंगला हरवून तो जगज्जेता झालाही. त्या लढतीला जागरण लागलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यात त्या पहाटेची चव आली नाही.

आता २०२६च्या मार्चअखेरीस सायप्रसला पुढची कँडिडेट्स आहे. प्रज्ञानंद आहे. महिलांमध्ये त्याची बहीण वैशाली आहे आणि आपली नागपूरची दिव्या देशमुख. जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा जागेबरोबर ग्रँडमास्टर किताबही घरी घेऊन आलेली. वीजबिलं मी साठवून ठेवलीच आहेत. सायप्रस आपल्या अडीच तास मागे, म्हणजे डाव ऐन संध्याकाळी रंगणार. जागरण नाही, चोरून बघणं नाही, टीव्हीवर ऐसपैस लावता येईल. हे मी आईला कौतुकाने सांगितलं.

"संध्याकाळी किती वाजेपर्यंत?" तिने विचारलं.

"साडेनऊ, दहा."

"मग तू आपला मोबाइलवरच बघ. सात ते दहा माझ्या मालिका असतात."