तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री ब्लोअर बंद ठेवला तर?

सोसायट्यांच्या सांडपाणी प्रकल्पांची, म्हणजे एसटीपींची, देखभाल हे माझं काम. सर्वसाधारण सभा जवळ आली की कमिटीतून फोन येतो आणि प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "एसटीपीचं वीजबिल फार येतंय. रात्री ब्लोअर बंद ठेवला तर चालेल का? की सगळं ऑटोमॅटिकच करून घ्यावं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. अशा प्रकल्पात निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त वीज ब्लोअरने टाकीतल्या सांडपाण्यात हवा सोडण्यावर जाते. ५ किलोवॅट ओढणारा ब्लोअर चोवीस तास चालला की दिवसाला १२० युनिट, महिन्याला ३,६०० युनिट होतात. तरीही रात्रभर सरसकट बंद ठेवू नका, असंच मी सांगतो. आणि चोवीस तास पूर्ण वेगाने चालवणं हेही बरोबर नाही.

टाकीत पाणी साफ करतात ते जिवाणू. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडली, आणि तळाला बसलेला गाळ टाकून न देता पुढच्या पाण्याला पुन्हा वापरला. गाळ साठत गेला तसं पाणी भराभर साफ व्हायला लागलं. तुमच्या टाकीतला तपकिरी गाळ म्हणजे तीच जिवंत फौज आहे. तिला ऑक्सिजन लागतो, पण दिवसभर सारखा लागत नाही. सकाळी सहा ते दहा आंघोळी, धुणी, स्वयंपाक यांचा लोंढा येतो. रात्री दोनला जवळजवळ काहीच येत नाही. मे महिन्यात आणि दिवाळीत निम्मी सोसायटी गावाला गेलेली असते, तरी ब्लोअर मात्र त्याच जोरात चालू असतो.

पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, असला की जिवाणूंचं भागतं. वरचा सगळा खर्च वाया. शिवाय तो दुप्पट महाग पडतो. ३० अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. डीओ २ असेल तर साडेपाचची जागा रिकामी असते, ५ असेल तर फक्त अडीचची. जागा जितकी कमी, तितकी हवा कमी विरघळते. म्हणजे तेवढ्याच हवेतून निम्म्याहून कमी ऑक्सिजन पाण्यात उतरतो.

आता सहा-सात तास बंद ठेवलं तर काय होतं? गाळ तळाला, थेट डिफ्युझरवर, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र पडद्यांवर जाऊन बसतो. टाकी सडायला लागते आणि वास पहिल्यांदा तळमजल्यावरच्या घरांत शिरतो. अमोनिया खाणारे जिवाणू तर फार हळू सावरतात.

थोडा वेळ, म्हणजे वीस-तीस मिनिटं बंद ठेवणं मात्र फायद्याचं असतं, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवा थांबली की दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरून सांडपाण्यातली घाण खातात, आणि त्यातले २.८६ ग्रॅम परत मिळतात. नायट्रोजन वायू होऊन उडून जातो.

तुमच्या टाकीला असं थांबणं उपयोगी पडेल का, याची चाचणी फुकटात होते. एक लिटरच्या मोजपात्रात एरेशन टाकीतलं, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीतलं, पाणी भरून ठेवा. अर्ध्या तासात गाळ खाली बसेल. पात्र तसंच आणखी तास-दोन तास राहू द्या. बसलेल्या गाळात बारीक बुडबुडे धरून त्याचे गठ्ठे वर यायला लागले, तर गाळात नायट्रेट भरपूर उरलंय, म्हणजे असं थांबणं उपयोगी पडेल. तुमच्या सेटलरवर, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीवर, सकाळी तरंगणारा गाळही बरेचदा यामुळेच असतो, आणि तिथे औषधं ओतून तो जात नाही.

ऑटोमॅटिक म्हणजे काय, तर हा चालू-बंदचा आणि कमी-जास्तचा निर्णय घड्याळाऐवजी पाण्याच्या अवस्थेवर सोपवायचा. डीओ सेन्सर आकडा देतो, पॅनल ब्लोअरचा वेग ठरवतं. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, विकताना एक दावा हमखास होतो: वेग निम्मा केला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. ते पंख्याला लागू आहे. आपल्याकडचे बहुतेक ब्लोअर ट्विन लोबचे, म्हणजे दोन फिरत्या पाळ्यांनी हवा पुढे ढकलणारे. टाकीतल्या पाण्याच्या उंचीचा दाब त्यांना कुठल्याही वेगाला पेलावाच लागतो, म्हणून निम्म्या वेगाला वीज साधारण निम्मीच होते. तीही चांगली बचत आहे, पण हिशोब तिच्यावर करा. आणि वेग फार खाली नेऊ नका, मोटर आणि ब्लोअर दोन्ही तापतात. तुमचा प्रकल्प एमबीबीआरचा, म्हणजे टाकीतल्या प्लास्टिकच्या छोट्या चाकांवर जिवाणू वाढवणारा, असेल तर आणखी जपून, कारण ती चाकं फिरती ठेवण्याचं कामही हवाच करते.

सगळ्यात जास्त आग्रह मी सेन्सर पुसण्याचा धरतो. त्याच्या टोकावर बुळबुळीत थर चढतो. त्या थरातले जिवाणू तिथला ऑक्सिजन खाऊन टाकतात, म्हणून टाकीत ३ असताना सेन्सर फार कमी दाखवतो आणि पॅनल ब्लोअरला पूर्ण वेगाने पळवत राहतं. ओल्या मऊ फडक्याने टोक पुसलं की आकडा डोळ्यांसमोर चढू लागतो. हे दर आठवड्याचं काम आहे आणि ते ऑपरेटरच करणार. त्याला ते नीट शिकवा, का करायचं तेही सांगा, आणि त्याचा पगार ठरवताना ते लक्षात ठेवा. ज्या कमिटीला हे जमणार नसेल तिने सेन्सर घेऊच नये. साधा टायमर लावावा आणि थांबण्याचा वेळ छोटा ठेवावा.

खरेदीआधी हातात धरायचं डीओ मीटर भाड्याने आणा आणि चोवीस तास दर तासाला आकडे लिहून काढा, पहाटे तीनचासुद्धा. पहाटे ५ दिसत असेल तर पैसे तिथे उडतायत, ऑटोमॅटिक घ्या. सकाळी नऊला १ सुद्धा येत नसेल, तर हवाच अपुरी पडतेय. आधी डिफ्युझरचे पडदे तपासा, इक्वलायझेशन टाकीतून, म्हणजे आलेलं सांडपाणी आधी साठतं त्या टाकीतून, पाणी दिवसभर सारखं सोडा. ते आकडे घेऊन या, मग पॅनलच्या कोटेशनचं बोलू.