तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीची खोली रिकामी, तरी माझा पसारा टेबलावर का?

हा प्रश्न मला नणंदेने विचारलाय, शेजारच्या काकूंनी विचारलाय, आणि माझ्यासारखीच रेल्वेची मॉडेलं करणारी जी चार-पाच माणसं ओळखीची आहेत त्यांनी तर प्रत्येकाने निदान दोनदा. "लेक नोकरीला परगावी गेली, तिची खोली रिकामी पडलीय, मग रोज रात्री जेवायच्या टेबलावर मांडामांड आणि रोज आवराआवर कशाला?" मी आजवर "सवय झालीय हो" एवढंच म्हणत आले. ते खरं नाही. आता एकदाच नीट सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मला पुन्हा खोटं बोलावं लागणार नाही.

आधी त्या पसाऱ्याबद्दल, कारण प्रश्नातच एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं पसारा म्हणजे टेबलावर दिसतो तेवढा: कटर, चिमटे, रंगाच्या बाटल्या, अर्धवट घरं. तेवढाच असता तर मी तो कुठेही नेला असता. या कामाचा खरा पसारा हवेत असतो. डोंगरासाठी फोमची पाटी कापली की तिचा चुरा अंगाला, पडद्याला, मांजराला चिकटतो आणि झटकला तरी जात नाही. प्लॅस्टर घासलं की पांढरी धूळ बसते ती दुसऱ्या दिवशी पंखा लावल्यावर पुन्हा उडते. रेझिनची धूळ तर फुप्फुसात जाऊच द्यायची नसते. म्हणून मी ते पाण्यात भिजवून घासते आणि तरीही मास्क लावते. गवत लावायचं म्हणजे दोन मिलिमीटरचे नायलॉनचे तंतू विजेचा भार देऊन ओल्या गोंदावर उभे करायचे. जे चिकटतात ते गवत होतं. जे चिकटत नाहीत ते मला आठवड्याने उशीच्या अभ्र्यावर सापडतात. हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या एअरब्रशचं तर विचारूच नका. रंगाचा फवारा मॉडेलवर जातो त्याहून जास्त इकडेतिकडे जातो, आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली जमिनीलगत साचून राहते. बंद खोलीत ती साचू देणं हा नुसत्या वासाचा प्रश्न नाही, पेट घेण्याचाही आहे.

सांगायचं म्हणजे, हे काम एखाद्या खोलीत नेलं की ती खोली मग दुसऱ्या कशाचीच राहत नाही. तिथल्या चादरी, पुस्तकं, आरसा, सगळं त्या कामाचं होऊन जातं.

दुसरा ठरलेला सल्ला: "छोटं प्रमाण घे." मी 1:87 मध्ये काम करते, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं. त्यात साडेतेवीस मीटरचा डबा 27 सेंटिमीटरचा होतो, म्हणजे सहा डब्यांची गाडी नुसती उभी करायला एक मीटर साठ लागतात. 1:160 घेतलं तर तीच गाडी नव्वद सेंटिमीटरच्या आत बसते, हे मला माहीत आहे. पण त्यात माणूस जेमतेम एक सेंटिमीटरचा. माझ्या प्रमाणात तो दोनला किंचित कमी भरतो, त्याच्या खांद्यावर पिशवी देता येते, मान थोडी वळवता येते. मला मुळात गाड्यांपेक्षा फलाटावरची माणसं करायला आवडतात. ते सोडायचं तर मग करायचंच कशाला? जागेची चणचण काही माझ्या एकटीची नाही. 1957 मध्येच सिरिल फ्रीझर या ब्रिटिश मॉडेल-रेल्वेवाल्यांनी ‘मायनरीज’ नावाचा एका छोट्या टर्मिनसचा आराखडा छापला होता, मधोमध दुमडून ठेवता येईल असा, आणि लोक आजही तो बांधतात. ज्यांवर रूळ, फलाट, डोंगर बसवते त्या माझ्या पाट्याही त्याच विचाराच्या आहेत: 120 बाय 60 सेंटिमीटरच्या, जोडायच्या आणि सोडवायच्या.

आता खोली.

लेक गेली आणि मी खोली घेतली. हे कुणाला माहीत नाही असं नाही, पण कुणी त्याचा उल्लेख करत नाही. चौदा महिने मी तिथे काम केलं. खरं सांगायचं तर माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम त्या चौदा महिन्यांत झालं. दार लावता येणं ही काय गोष्ट आहे हे ज्याला रोज आवरावं लागतं त्यालाच कळेल. गोंद अर्धा सुकलाय, तसाच सोडून झोपायला जायचं. रंगाची वाटी झाकून ठेवायची. सकाळी उठून थेट खिडकीच्या चौकटीपाशी यायचं, जिथे काल हात थांबला होता तिथेच. मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे की छंदाला खोली हवीच, खोली नसली तर तो छंद नाही, नुसती चोरून घेतलेली घटका. आज हे वाक्य माझ्याकडेच उलटून येतं.

पहिल्यांदा ती यायची होती तेव्हा आधी कळवून आली. मी दोन दिवस खपून सगळं बाहेर काढलं, फरशी पुसली, चादर बदलली. तिला काही कळलं नाही, किंवा कळलं तरी बोलली नाही. चार दिवस राहिली. जाताना तिने आपलं टेबलावरचं घड्याळ, शाळेपासून उशाशी असलेलं, काळ्या चकचकीत प्लॅस्टिकचं, नवा सेल घालून काचेच्या कपाटात ठेवलं. "इथेच असू दे, आले की लागतं," म्हणाली. रविवारी दुपारी गेली. संध्याकाळी माझ्या पाट्या परत तिच्या पलंगावर आल्या.

नंतरच्या आठवड्यात मी फलाटाच्या छपराच्या कैच्या, म्हणजे छपराला खालून तोलणारे त्रिकोणी सांगाडे, करत होते. पितळी तारेच्या, बावीस. हवा दमट होती, धूळ फार बसत होती, म्हणून झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडलेल्या सगळ्या कैच्या मी रात्री त्या काचेच्या कपाटात ठेवल्या आणि दार घट्ट लावलं. घड्याळाच्या शेजारीच.

हा गोंद सुकताना त्याची वाफ निघते. मोकळ्या हवेत ती विरते. बंद जागेत ती जिथे ओलावा किंवा तेलकटपणा सापडेल तिथे जाऊन बसते आणि पांढरी घट्ट होते. मॉडेलच्या खिडकीची पारदर्शक काच या गोंदाने लावू नये हे आम्हाला सगळ्यांना पहिल्या वर्षातच कळतं, कारण काच धुकट होते. पण याच गुणामुळे 1970च्या दशकाच्या अखेरीपासून पोलीस गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या वस्तूंवरचे बोटांचे ठसे उठवायला तो वापरतात. हे मी वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

सकाळी कपाट उघडलं तर घड्याळावर पाच बोटं उमटलेली. अंगठा वर, चार बोटं मागच्या बाजूला, जशी तिने ते उचलून ठेवताना धरली असतील तशी. रेषा न् रेषा दिसत होती. अंगठ्याच्या भोवऱ्यात मध्ये एक छोटी तिरकी रेघ होती, लहानपणी कागद कापताना लागलं होतं त्याची. मी ते भिंग लावून पाहिलं. मला आनंद झाला. हे मी लपवणार नाही: पहिल्यांदा मला फक्त आनंद झाला, की बघा, खरंच होतं हे. नवऱ्याला हाक मारून दाखवलं.

मग दोन दिवसांनी, रविवारच्या त्या जाण्यानंतर अकरा दिवसांनी, ती न कळवता आली. जोडून सुट्टी मिळाली होती. रात्री साडेनऊला दारात उभी, पाठीवर पिशवी. मी पुढे धावले नाही. माझं पहिलं वाक्य होतं, "अगं, थांब, आत जाऊ नकोस, सुकतंय."

ती गेलीच. पलंगावर दोन पाट्या, खुर्चीवर कॉम्प्रेसर, उशीवर वर्तमानपत्र आणि त्यावर ओले डोंगर. ती काही बोलली नाही. कपाटाशी गेली, घड्याळ काढलं, ते पांढरे ठसे बघितले. पुसायचा प्रयत्न केला, पुसेनात. मग आपला अंगठा त्या अंगठ्यावर ठेवला. बरोबर बसला.

"मी गेल्यावर कधी मांडलंस परत?"

"त्याच संध्याकाळी," मी म्हणाले.

मी पाट्या उचलायला वाकले तर म्हणाली, "राहू दे आई. सुकतंय ना ते." आणि बाहेर सोफ्यावर झोपली. पांघरूण घ्यायलाही आत आली नाही. मी रात्रभर त्या खोलीत उभी राहून पाट्या हलवत होते. एका डोंगराचा कोपरा माझ्या हातात तुटून आला. पहाटे पलंग मोकळा झाला तेव्हा ती गाढ झोपली होती. उठवलं नाही.

त्या आठवड्यात मी सगळं बाहेर आणलं. म्हणून टेबल.

आता यावर तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी? मुलीला तर तो प्रसंग आठवतही नाही. खरंच नाही आठवत, मी विचारलं. ती म्हणाली, "मी फक्त दमले होते गं, बस ना तू खोलीत, मी वर्षातून किती वेळा येते?" म्हणजे जिच्यासाठी मी खोली सोडली असं मी मनाशी म्हणते, तिने ती कधी मागितलेलीच नव्हती. मग हे कुणासाठी? चौदा महिन्यांची ती मी मला विचारते की तू स्वतःला शिक्षा करत्येस आणि तिला लेकीचं नाव देत्येस. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. एवढंच म्हणते की "सुकतंय" हा शब्द माझ्या तोंडून पहिला निघाला, आणि तो त्या खोलीमुळे, त्या दारामुळे निघाला. टेबलावर असा निघत नाही. टेबलावर कुणी आलं तर मला हात थांबवावाच लागतो.

टेबलावर माझं काही बिघडत नाही असं मात्र समजू नका. मांडायला वीस मिनिटं, आवरायला पंचवीस. कडेला पट्टी ठोकलेली प्लायची फळी पसरते, म्हणजे बारीक भाग घरंगळून जमिनीवर जात नाहीत. गोंद पूर्ण सुकवता येत नाही म्हणून कामं तुकड्यात पाडते. फवारा बाल्कनीत, तोही वारा नसेल तेव्हा. नवरा आठवड्यातले चार दिवस ताट मांडीवर घेऊन जेवतो. तो तक्रार करत नाही, पण परवा म्हणाला, "टेबल दे, खोली घे." तो थट्टा करत नव्हता. आणि पाट्या रात्री जातात पलंगाखाली. तिथली मोकळी उंची 28 सेंटिमीटर. पाटी, तिच्या कडा, सरकवायला हवी तेवढी फट, हे सगळं वजा जाता डोंगराला 22 उरतात. म्हणजे प्रत्यक्षात एकोणीस मीटर. त्याला मी टेकडी म्हणते. खोलीत होते तेव्हा त्याच जागी मी बोगदा ठरवला होता, वर झाडं, वर वळणावळणाची वाट. तो बोगदा कागदावर आहे. मला तो हवाय. रोज हवाय.

घड्याळ अजून कपाटातच आहे, चालतंय. ठसे काढायला अ‍ॅसिटोन लागेल, पण अ‍ॅसिटोन ते प्लॅस्टिकही खाईल, म्हणून तसेच ठेवलेत. परवा फोनवर ती विचारत होती की बोगद्याचं पुढे काय झालं. मी म्हटलं, उंची नाही. ती म्हणाली, "माझ्या खोलीत आहे की उंची." मी विषय बदलला. फोन ठेवल्यावर मोजपट्टी घेऊन आत गेले. भिंत ते भिंत तीन मीटर दहा. खिडकीखाली, पलंगाला हात न लावता, साठ सेंटिमीटरची एक पट्टी निघते. कपाटाचं दार उघडायला मात्र ती आड येते. आकडे वहीत लिहून ठेवलेत.